आबांचा लाल बावटा आणि दादाचं दुकान

आधी पत्र, थोडं आटोपतं करून:

‘ताई, मी अंबाजोगाई तालुक्यातल्या एका खेड्यातली. लातूरला एम.ए. करते. आमचे आबा तरुणपणापासून लाल बावट्याचे. घरची पाच एकर कोरडवाहू सांभाळून त्यांनी वीस वर्षं ऊसतोड मजुरांच्या युनियनचं काम केलं. दादानं कृषी पदविका करून तालुक्याला कृषी सेवा केंद्र टाकलं, हंगामात तो सोयाबीनही घेतो. गेल्या वर्षी आबांनी हट्टानं सोयाबीन हमीभाव केंद्रावर नोंदवलं. नंबर आला तेव्हा केंद्रात बारदाना नव्हता. दीड महिना माल घरात पडून राहिला. शेवटी आबांनी तो एका परक्या व्यापाऱ्याला घातला, दादाला नाही. यंदा पाडव्याला तो विषय निघाला. आबा म्हणाले, “तू गरिबाच्या मुंडक्यावर पाय देऊन दुकान चालवतोस.” दादा म्हणाला, “तुमच्या समाजवादानं जगात कुणाचं पोट भरलं ते दाखवा.” तेव्हापासून दोघं एका पंगतीला बसत नाहीत. आई मधल्यामध्ये रडते. ताई, भांडवलशाही बरी की समाजवाद? मी कुणाच्या बाजूनं बोलू? माझं नाव छापू नका.’

लेकी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना ‘दादाला नाही’ या दोन शब्दांपाशी थांबले. त्यांच्याकडं शेवटी येते. आधी तू जे विचारलंस त्याचं उत्तर द्यायला हवं, कारण प्रश्न खरा आहे. ‘दोघांचंही थोडं थोडं बरोबर’ असं म्हणून मी तुला वाटेला लावणार नाही.

मी नांदेड जिल्ह्यातली, तेव्हाच्या आंध्रच्या सीमेला लागून असलेल्या गावातली. आमचे नाना कापूस लावायचे. १९७२ पासून महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी होती. कापूस सरकारी यंत्रणेनंच घ्यायचा, व्यापाऱ्यानं घ्यायचा नाही, राज्याबाहेर न्यायचा नाही. हेतू चांगला होता. त्याआधी अडते शेतकऱ्याला कसं नागवायचे ते नानांनी भोगलं होतं, म्हणून योजना आली तेव्हा ते खूश होते. पुढं रांगा सुरू झाल्या. केंद्राबाहेर तीन-तीन दिवस बैलगाड्या उभ्या. बैलांची वैरण घरून, माणसांच्या भाकरी घरून. ग्रेडर यायचा, गाडीत हात घालायचा, मूठभर कापूस काढून बोटांनी ओढून बघायचा आणि एका शब्दात प्रत ठरवायचा. त्या शब्दावर कुठं दाद नव्हती. चुकारा, म्हणजे घातलेल्या कापसाचे पैसे, कधी मिळेल ते कुणालाच माहीत नसे. एका वर्षी माझी कॉलेजची फी त्या चुकाऱ्यावर अडली होती.

त्या वर्षी एका रात्री नानांनी गाडीत कापूस भरला, वर कडब्याच्या पेंढ्या रचल्या आणि नाल्याच्या वाटेनं पलीकडच्या राज्यात गेले. पहाटे परतले तेव्हा कनवटीला रोख पैसे होते. आई विचारत होती, भाव काय लागला? नाना सांगत नव्हते. हौदावर जाऊन कितीतरी वेळ पाय धूत बसले. कुणाच्या झाडाचा आंबासुद्धा न विचारता न घेणारा माणूस स्वतःच्या रानातला कापूस चोरासारखा विकून आला होता. ती पहाट माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. योजना पुढं तोट्यात बुडत गेली आणि दोन हजार सालानंतर गुंडाळली गेली. नाना तोवर कापूस लावायचे थांबले होते.

दादा जे म्हणतो ते माझ्या घरानं असं पाहिलंय. विकणारे हजार आणि घेणारा एकच उरला, की त्या एकाच्या दारात आपण फक्त उभं राहायचं. मग तो सावकार असो नाहीतर सरकार.

पण त्याच १९७२ सालानं मला दुसरीही गोष्ट दाखवली. तेव्हा मी आठ वर्षांची. पाऊस नाही, विहिरी खडखडीत, जनावरं दावणीला मेलेली. सरकारनं जागोजागी दुष्काळी कामं काढली. आई पाझर तलावावर खडी फोडायला जायची. आम्हा पोरांना तिथं सुकडी मिळायची, आणि घरी लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, भाकरी, ज्या धड गिळवतही नसत. त्या कामांतून पुढं रोजगार हमीचा कायदा उभा राहिला. वि. स. पागे यांनी ही कल्पना लावून धरली होती. कायदा १९७७ ला झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम, आणि बाईला बाप्याइतकीच मजुरी. पैसा कुठून आला? मुंबई-पुण्यासारख्या शहरांतल्या नोकरदार-व्यावसायिकांवर १९७५ ला व्यवसाय कर बसवला होता, मोठा वाटा त्यातला. मुंबईच्या बाजारात कमावलेला पैसा आमच्या तळ्यावर मजुरी होऊन आला. हे तुझ्या घरात दोघांनाही सांग, कारण यात दोघांचीही बाजू आहे.

आमच्या गावात त्यानं काय घडलं? मोठ्या शेतकऱ्याच्या रानात बाईला ठरलेली मजुरी होती, वर्षानुवर्षं तीच, शिवाय शिव्या. हमीचं काम निघालं आणि बाया म्हणायला लागल्या, ‘नाही येत, तळ्यावर जातो.’ दोन वर्षांत शेतातली मजुरी वाढली. कुणी मोर्चा काढला नव्हता. ‘नाही येत’ म्हणायची सोय झाली होती, तेवढंच.

लेकी, मी अर्थशास्त्र तीस वर्षं शिकवलं. वर्गात दोन्ही विचारांच्या व्याख्या सांगितल्या, गुणदोष फळ्यावर लिहिले. पण कुठलाही व्यवहार तपासायची वेळ आली की मी मनातल्या मनात त्या बायांचे शब्द धरून बघते. यातल्या दुबळ्या माणसाला ‘नाही’ म्हणता येतं का? बाजार चांगला चालतो तिथं येतं. ‘तुझ्याकडं परवडत नाही, दुसरीकडं घालतो’ हे शेतकरी म्हणू शकतो. सरकार चांगलं चालतं तिथंही येतं. नानांना कापसात ते सरकारनं म्हणू दिलं नाही, आईला मजुरीत ते सरकारनंच मिळवून दिलं.

आता आबांकडं बघ. ते ज्या माणसांत वावरले त्यांचा व्यवहार कागदावर अगदी खुला आहे. पावसाळा सरताना मुकादम, म्हणजे कारखान्यासाठी मजूर गोळा करणारा, दारात येतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकट्याचा अर्धा. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, घेतली की सौदा झाला. कुणी जबरदस्ती केलेली नसते. पण उचल घेताना घरात लेकीचं लग्न असतं, दवाखान्याचं देणं असतं, शेतात काही पिकलेलं नसतं. मग पाच-सहा महिने उसाच्या फडावर. पहाटे अंधारात उठायचं, तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर वाहून गाडी भरायची. एक दिवस अंग मोडून पडलं की खाडा, त्याचा दंड उचलीत चढतो. हंगाम संपतो, उचल फिटत नाही, बाकी पुढच्या सालावर. पुढचं साल तेव्हाच विकलं गेलेलं असतं.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये बाहेर आलं. शासनाच्या समितीनं चौकशी केली तेव्हा पाहणीतल्या ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, पोटदुखी घेऊन खासगी दवाखान्यात गेलं की कॅन्सरची भीती घातली जाते, आणि ऑपरेशनच्या पैशासाठी पुन्हा उचल. दादाला शांतपणे विचार, ही बाई बाजारात आहे का? तिच्याकडं कसब आहे, तिला गिऱ्हाईक आहे, कारखाना तिच्याशिवाय एक दिवस चालत नाही. ‘नाही’ म्हणायची सोय तेवढी नाही.

बीडनं १९६७ ला क्रांतिसिंह नाना पाटलांना कम्युनिस्ट पक्षाचे म्हणून लोकसभेत पाठवलं, १९७७ ला मार्क्सवादी पक्षाच्या गंगाधरअप्पा बुरांडे यांना. हे काही रशियाच्या प्रेमापोटी झालेलं नाही. लोकांना फड आणि उचल माहीत होती. आणि आबांच्या युनियननं काय केलं ते दादानं नीट बघावं. त्यांनी कारखाना ताब्यात घेतला नाही. कोयता बंद ठेवला आणि दर वाढवून घेतला. माल विकायला नकार देऊन भाव वाढवणं हे कुठल्याही व्यापाऱ्याला समजतं. ॲडम स्मिथ, ज्याला बाजाराचा पहिला मोठा अभ्यासक म्हणतात, त्यानं १७७६ सालीच लिहून ठेवलंय की मजुरी वाढू नये म्हणून मालकांची आपसात कायमच एकी असते, आणि ती रोजचीच असल्यानं तिची कुठं चर्चा होत नाही. आबांसाठीही एक सांगते. भांडवलदार वर्गानं शंभर वर्षांच्या आत जेवढी उत्पादक शक्ती उभी केली तेवढी आधीच्या सगळ्या पिढ्यांनी मिळून केली नव्हती, हे मार्क्स आणि एंगल्स यांनीच १८४८ ला कबूल केलेलं आहे.

दादाचा पाडव्याचा प्रश्न मात्र टाळायचा नाही. आबांनीही टाळू नये. सोव्हिएत सरकारनं शेती सामुदायिक केली आणि १९३२-३३ ला युक्रेनमध्ये लाखो शेतकरी भुकेनं मेले. चीनमध्ये १९५९ ते ६१ या काळात कोट्यवधी. हे आकडे घेऊन कुणी समोर आला तर मान खाली घालून ऐकायला हवं. आणि १९७८ ची गोष्ट आबांना जरूर सांग. चीनच्याच आन्हुइ प्रांतातल्या श्याओगांग नावाच्या खेड्यात अठरा कुटुंबांच्या माणसांनी रात्री एका झोपडीत जमून कागदावर अंगठे उठवले. सामुदायिक जमीन घराघरात वाटून घ्यायची, सरकारचा वाटा देऊन उरेल ते ज्याचं त्याचं. पकडले गेलो तर तुरुंगात गेलेल्याची लेकरं बाकीच्यांनी अठरा वर्षांची होईपर्यंत सांभाळायची. जमीन तीच, माणसं तीच, आणि पुढच्याच सुगीला धान्य कितीतरी पटींनी वाढलं. ही गोष्ट वाचताना मला दरवेळी नानांची कडब्याखालची गाडी आठवते.

दादानंही १९४३ चा बंगाल बघावा. धान्य होतं, दुकानं उघडी होती, आणि शेतमजुराच्या मजुरीत तांदूळ बसत नव्हता. तीसेक लाख माणसं गेली. अमर्त्य सेन यांनी पुढं दाखवून दिलं की धान्याच्या टंचाईपेक्षा ते विकत घ्यायची ऐपत संपल्यानं ही माणसं मेली. तिथं इंग्रजांचं सरकार होतं, समाजवाद्यांचं नव्हतं.

तुझ्या दादाची बाजू तुझ्या घरात कुणी पुरती ऐकली नाही असं मला वाटतं. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलं होतं. त्याच महिन्यात केंद्रानं १२ लाख टन सोयापेंड आयात करायला परवानगी दिली, डिसेंबरात सोयाबीनचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे आगाऊ सौदे, बंद केले. शेतकऱ्याच्या ताटात पहिल्यांदा तूप पडत होतं आणि वाढणाऱ्याचा हात धरला गेला. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही शेतकरी संघटनेची घोषणा याच दुखण्यातून आली होती. सरकारनं मध्ये पडू नये असं दादा म्हणतो तेव्हा तो कंपन्यांची वकिली करत असतो असं आबा समजतात. मला त्यात शेतकऱ्याचा पोरगा दिसतो.

आणि त्याच्या दुकानात एक दिवस बसून बघ. खरिपाच्या तोंडावर डीएपी खत हवं असतं. वरून सांगितलं जातं, सोबत हा न खपणारा माल घे, तरच मिळेल. लिंकिंग म्हणतात त्याला, गावागावात माहीत आहे. नको म्हटलं तर खताची पुढची रेल्वेगाडी येते तेव्हा त्याचं नाव यादीत नसतं. मग तो माल दादा शेतकऱ्याच्या गळ्यात घालतो, तोही उधारीवर, आणि ती उधारी सुगीपर्यंत वहीत राहते. शेतकऱ्याच्या मुंडक्यावरचा पाय आबांना दिसला. दादाच्या मुंडक्यावर आहे तो आजवर घरात कुणी बघितला नाही. युनियनची सगळ्यात जास्त गरज आज तालुक्यातल्या या दुकानदारांना आहे, आणि ती बांधायची कशी हे त्या घरात एकाच माणसाला येतं.

माझं मत विचारशील तर दवाखाना, शाळा, प्यायचं पाणी आणि दुष्काळातलं काम बाजारावर सोडायचं नाही. अंबाजोगाईचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय तुमच्या भागातल्या गरिबाला काय आहे हे तुला मी सांगायला नको. उलट सोयाबीन, कापूस, तूर यांचे भाव दिल्लीच्या मर्जीवर सोडायचे नाहीत. हमीभाव हवाच, पण पाठीमागच्या भिंतीसारखा. पुढच्या वाटेवर गेट म्हणून नको. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात माल चार हजारांच्या आसपास जात होता. त्या आठ-नऊशे रुपयांच्या आशेनं आबा दीड महिना थांबले, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. भिंत कागदावर होती, बारदान्याअभावी ती उभीच राहिली नाही.

बाबासाहेबांनी १९४७ ला घटना समितीसाठी तयार केलेल्या मसुद्यात शेती आणि मूलभूत उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत, असं मांडलं होतं. पुढं संभाजीनगरात त्यांनी मिलिंद महाविद्यालय १९५० ला काढलं, ते आपल्या संस्थेमार्फत. हुकूमशाहीच्या आणि हिंसेच्या वाटेला तर त्यांनी अखेरपर्यंत ठाम विरोध केला. एवढ्या मोठ्या माणसानं दोन्ही हात वापरले. तुझ्या आबा-दादांनी एकेका हाताची शपथ का घ्यावी?

आता ‘दादाला नाही’ या शब्दांकडं येते. आबांनी माल परक्याला घातला तेव्हा दादाला काय वाटलं असेल? बापाचा आपल्या काट्यावर विश्वास नाही, हेच. आणि ‘कुणाचं पोट भरलं’ हे ऐकताना आबांना काय वाटलं असेल? वीस वर्षं फडाफडांवर फिरलो ते पोटच्या पोरानं एका वाक्यात मातीत घातलं. दोघांना लागलंय ते हे आहे, बोलतात मात्र भांडवलशाही-समाजवाद. तू कुणाचीही बाजू घेऊ नकोस. एकेकट्याला गाठून दुसऱ्याला काय लागलंय तेवढं सांग. दादाला आधी सांग, तो वयानं लहान आहे आणि ‘चुकलं’ म्हणणं त्याला सोपं जाईल.

मग दोघांपुढं एक काम ठेव. पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन ठेवायचं, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजानं मिळते, मुदत १८० दिवस. रब्बीच्या पेरणीचा खर्च निघतो आणि पडलेल्या भावाला ‘नाही देत’ म्हणता येतं. तुमच्या बाजार समितीत ती चालू आहे का, गोदामात जागा आहे का, ते दादा एका फोनवर काढेल. ओलावा, माती, प्रत त्याला कळतं. पण एकट्याच्या वीस पोत्यांनी काही होत नाही. गावातले चाळीस जण एकत्र आणायचे, त्यांचा विश्वास धरायचा, मधेच कुणी फुटला तर त्याला समजवायचं, हे काम आबांचं. यंदा अतिवृष्टीनं पिकाला कोंब फुटले, हाती फार थोडं लागलं असेल. म्हणून तर ते मातीमोल जाऊ द्यायचं नाही.

येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, जवळ आलीय. त्या दिवशी सगळं घर रानात असतं, तिथं कुणाला उठून जायला दुसरी खोली नसते. आईला सांग, आंबिलाचं बिंदगं, ते मडकं, यंदा दादाच्या डोक्यावर दे, आणि कडब्याच्या कोपीपाशी भज्जी वाढताना बाप-लेकाची पानं शेजारी मांड. जेवण होऊ दे. मग तू आबांनाच विचार, गावात कुणाकुणाच्या घरी अजून सोयाबीन शिल्लक आहे. ते नावं सांगायला लागले की दादाच्या हातात वही दे. पुढं काय झालं ते मला कळव.

तुझी,
ताई